प्राथमिक शाळेत सहभागी कथानाट्य कसे न्यावे

शाळेत जाऊन मुलांसमोर नाटक करणे आणि मुलांना सोबत घेऊन गोष्ट घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात मुले प्रेक्षक असतात. दुसऱ्यात त्यांच्या निर्णयावर पुढचा प्रसंग ठरतो. हे मार्गदर्शन दुसऱ्या कामासाठी आहे आणि त्याची मुख्य अट सुरुवातीलाच सांगून टाकणे बरे: मुलांनी दिलेल्या उत्तराने गोष्ट खरोखर बदलली पाहिजे. मुले काहीही म्हणोत, कलाकार ठरलेल्याच वाटेने जाणार असतील, तर हे मुलांच्या दुसऱ्या प्रश्नालाच लक्षात येते, आणि मग ती फक्त बाईंना आवडेल असे उत्तर देऊ लागतात.

या पद्धतीमागे जुनी परंपरा आहे. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने 1965 मध्ये कलाकार आणि शिक्षक अशी दुहेरी भूमिका करणारा गट शाळांमध्ये पाठवायला सुरुवात केली, आणि शिक्षणासाठी रंगभूमी वापरण्याची ही रीत तिथून अनेक देशांत गेली. आपल्याकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने 1989 मध्ये मुलांसोबत काम करणारा स्वतंत्र गट उभा केला, जो पुढे ‘संस्कार रंग टोली’ या नावाने ओळखला जाऊ लागला. कोल्हापूरला तर शाळा आणि रंगभूमी या दोन्ही गोष्टी एकाच राजाने दिल्या. राजर्षी शाहू महाराजांनी 1915 मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, खुले केले आणि 1917 मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. ऑगस्ट 2024 मध्ये ते नाट्यगृह आगीत सापडले तेव्हा सारे शहर हळहळले. पण गगनबावड्याच्या किंवा शाहूवाडीच्या वाडीवस्तीवरचे मूल त्या नाट्यगृहापर्यंत सहज पोहोचत नाही, हेही तितकेच खरे आहे. म्हणून नाटकानेच त्याच्या वर्गात जावे.

गोष्ट कशी निवडावी

गोष्ट निवडताना तिच्यात एक खरा पेच आहे का, एवढेच आधी तपासावे. ज्या प्रश्नाचे बरोबर उत्तर एकच आहे, तो प्रश्न कथानाट्याच्या कामाचा नाही. ‘झाडे तोडावीत का?’ असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात ‘नाऽऽही’ म्हणतो आणि तिथेच विषय संपतो. दोन्ही बाजूंना काहीतरी गमवावे लागेल असा प्रसंग असला, तरच मुले विचार करतात आणि एकमेकांशी भांडतात.

उदाहरणादाखल पंचगंगेची गोष्ट घेऊ. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्यांचे पाणी प्रयाग चिखलीच्या संगमापर्यंत एकत्र येते. पाचवी सरस्वती गुप्त आहे, असे परंपरा मानते. आता या पाच बहिणी आहेत असे समजू. पाचही जणी डोंगरातून निघाल्या, पण संगमावर चारच पोहोचल्या. पुढे नृसिंहवाडीला कृष्णा त्यांची वाट पाहत आहे आणि खालच्या गावांची शेते पाण्यासाठी थांबली आहेत. पाचव्या बहिणीची वाट पाहत थांबावे, तर पाणी तुंबून संगमाजवळची शेते बुडतात. निघून जावे, तर बहीण मागे राहते. इथे मुलांना निर्णय घ्यावा लागतो, आणि तो सोपा नाही.

हीच गोष्ट प्रत्येक तालुक्यात जशीच्या तशी नेऊ नये. राधानगरीतल्या शाळेत भोगावतीपासून सुरुवात करावी, कारण राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तिथल्या मुलांना पाठ असतात. गगनबावड्यात कुंभीला पुढे आणावे, शाहूवाडीत कासारीला. गडहिंग्लजकडे जायचे असेल, तर पंचगंगेचा आग्रह सोडून हिरण्यकेशीची वेगळी गोष्ट बांधावी. तिकडच्या मुलाला प्रयाग चिखली दूरची वाटेल. गाळप हंगामात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ऊसतोडीसाठी बीडकडून आलेल्या कुटुंबांतली काही मुले वर्गात असू शकतात आणि त्यांना इथल्या नद्यांची नावे माहीत नसतात. त्यांना गप्प बसवून ठेवण्यापेक्षा ‘तुमच्याकडची नदी कोणती?’ असे विचारावे आणि गोदावरीला किंवा सिंदफणेला पाहुणी म्हणून गोष्टीत घ्यावे. लांबून आलेली पाहुणी बहिणींचे भांडण सोडवू शकते, आणि ती भूमिका त्या मुलांकडे आपोआप जाते.

नदी ही गोष्टीतले पात्र आहे, पूजेचा विषय नाही, हे भान गटाने ठेवावे. वर्गात सर्व धर्मांची मुले असतात आणि त्यातल्या प्रत्येकाला नदी आपली वाटली पाहिजे.

परवानगी, वेळ आणि जागा

जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची प्रत केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांना द्यावी. शहरातील महापालिकेच्या शाळांसाठी प्राथमिक शिक्षण समितीच्या कार्यालयात जावे लागते, तर खासगी अनुदानित शाळेत संस्थेची संमती लागते. अर्जात गटातील व्यक्तींची नावे, गोष्टीचा विषय, इयत्ता, लागणारा वेळ आणि खर्च कोण करणार आहे हे स्पष्ट लिहावे. मुलांकडून वर्गणी घेऊ नये. प्रवासखर्च ग्रामपंचायतीने किंवा गावातल्या एखाद्या दात्याने उचलला, तर शाळा व्यवस्थापन समितीला ते आधी कळवावे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे तिच्या बैठकीत दहा मिनिटे बोलता आले तर पालकांच्या शंका तिथेच मिटतात.

पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून अर्जासोबत जोडावा, शाळेने मागितला नाही तरीही. गटातील कोणीही कोणत्याही मुलासोबत एकटे राहू नये, आणि वर्गशिक्षक पूर्ण वेळ वर्गात असावेत. फोटोंबाबत माझे मत ठाम आहे. पालकांची लेखी संमती नसेल तर मुलांचा चेहरा दिसेल असा एकही फोटो काढू नये, आणि संमती असली तरी मुलांची नावे समाजमाध्यमांवर देऊ नयेत.

महिन्यांचा विचार केला, तर दिवाळीच्या सुट्टीनंतरचा काळ सर्वांत सोयीचा आहे. फक्त स्नेहसंमेलन आणि सहलींच्या तारखा आधी विचारून घ्याव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये पावसामुळे शाळा कधी बंद राहतील सांगता येत नाही. दिवसातली वेळ मात्र नेमकी निवडावी. परिपाठ संपल्यानंतरचा पहिला तास उत्तम. पोषण आहाराच्या आधीच्या तासाला खिचडीचा वास येऊ लागला की गोष्टीतल्या नद्या कितीही अडचणीत असोत, मुलांचे लक्ष ताटाकडे जाते, आणि जेवणानंतर ती पेंगुळतात. एका तासिकेत हे काम बसत नाही. सलग दोन तासिका मागून घ्याव्यात आणि त्यातला सुमारे अर्धा वेळच गोष्टीला द्यावा. उरलेला वेळ मुले स्थिरावण्यात आणि शेवटच्या बोलण्यात जातो, आणि तो वाया जात नाही.

संपूर्ण शाळा एकदम बसवण्याची विनंती होते. ‘एवढ्या लांबून आलाच आहात, तर सगळ्यांनाच दाखवा,’ असे मुख्याध्यापक आपुलकीने म्हणतात. तरीही नम्रपणे नकार द्यावा. एका वेळी तीस-पस्तीस मुले ही मर्यादा पाळली, तरच प्रत्येक मुलाला बोलण्याची संधी मिळते. हवे तर त्याच दिवशी दुसऱ्या वर्गासाठी पुन्हा करावे. दोन शिक्षकी शाळेत पहिली ते चौथीची मुले एकत्र बसतात. तिथे पटच कमी असल्याने अडचण येत नाही, पण मोठ्या मुलांनी लहानांची उत्तरे खाऊन टाकू नयेत म्हणून प्रत्येक गटात सर्व इयत्तांची मुले मिसळावीत.

जागा निवडताना मुलांना पट्ट्यांवर नालाच्या आकारात बसवता येईल एवढे पाहावे. कलाकाराने खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण मागच्या उजेडात त्याचा चेहरा काळा दिसतो. माइक नको, रंगमंच तर नकोच.

गट आणि वाद्ये

तीन माणसे पुरतात. एक जण गोष्ट सांगतो, दुसरा पात्रे करतो आणि तिसरा वाद्य वाजवता वाजवता मुलांवर नजर ठेवतो: कोण मागे सरकले, कोणाला काहीतरी बोलायचे आहे पण हात वर होत नाही. हे तिसरे काम सर्वांत अवघड आहे आणि ते गटातल्या अनुभवी माणसाकडेच द्यावे.

कोल्हापूरच्या मुलांना ताल शिकवावा लागत नाही. हलगी, घुमके, कैताळ त्यांच्या कानात असतात, आणि आषाढात पंचगंगेचे नवे पाणी त्र्यंबोली देवीला नेताना वाजणारा ‘पी ढबाक’ शहरातले कोणतेही मूल टेबलावर वाजवून दाखवेल. नवे पाणी आणि तो ताल यांचे नातेच असल्यामुळे आपल्या गोष्टीत तो अगदी चपखल बसतो. मात्र बंद वर्गात हलगी वाजवू नये. कानठळ्या बसतात, शेजारचा वर्ग थांबतो आणि लहान मुले घाबरतात. वर्गात दिमडी आणि तुणतुणे पुरे, हलगी मैदानासाठी ठेवावी.

साहित्य कमीत कमी असावे. निळ्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांच्या चार ओढण्या म्हणजे चार नद्या झाल्या. पाचवी ओढणी आणूच नये, कारण ती मुलांच्या कल्पनेत असायला हवी.

वर्गात प्रत्यक्ष काय करावे

गोष्ट सुरू करण्याआधी एक खूण ठरवून घ्यावी. दिमडीवर दोन थापा पडल्या की सर्वांनी हात डोक्यावर ठेवून थांबायचे. ही खूण दोनतीनदा खेळासारखी करून घेतली, की पुढे कोणालाही ओरडावे लागत नाही. कोणाला भाग घ्यायचा नसेल तर त्याने नुसते बसून पाहिले तरी चालेल, हेही याच वेळी सांगावे आणि ते मनापासून पाळावे.

मग वर्गाचे चार गट करून प्रत्येक गटाला एक नदी आणि तिचा आवाज द्यावा. कासारीने तळहात चोळावेत, कुंभीने चुटक्या वाजवाव्यात, तुळशीने मांडीवर थाप द्यावी, भोगावतीने जमिनीवर पाय आपटावेत. चारही आवाज एकामागून एक सुरू झाले, की वर्गात पावसाचा भास होतो आणि मागच्या कोपऱ्यातले लाजरे मूलही नकळत गोष्टीत येते. शब्दांच्या आधी शरीराला काम देणे का आवश्यक आहे, ते इथे दिसते.

गोष्टीचे तीन टप्पे पक्के ठेवावेत: डोंगरातून निघणे, संगमावर येऊन अडणे आणि कृष्णेला मिळणे. या तिघांच्या मधला सगळा प्रवास मुलांच्या हाती सोडावा. थांबण्याची वाट, निघण्याची वाट आणि कोणालातरी शोधायला पाठवण्याची वाट अशा तीन शक्यता तालमीत करून ठेवल्या, म्हणजे गट गोंधळत नाही. मुलांनी चौथी काढली तर ती घ्यावी.

संगमावरचा प्रसंग हा या सगळ्याचा गाभा आहे, म्हणून तो सविस्तर सांगणे योग्य होईल. कथाकार विचारतो, ‘थांबायचं की निघायचं? थांबलात तर इथली शेतं बुडतील. निघालात तर सरस्वती मागं राहील.’ प्रश्न विचारल्यावर पुढे काहीच बोलू नये. मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत. ही शांतता नवख्या कलाकाराला सहन होत नाही आणि तो स्वतःच उत्तर सुचवून टाकतो. तो मोह टाळला की मुले विचार करू लागतात. पहिला वर आलेला हात घेऊ नये. ‘शेजारच्याला कानात सांगा,’ असे म्हणून मिनिटभर कुजबुज होऊ द्यावी आणि मग तोंडाने उत्तर न मागता पायांनी मागावे: थांबणाऱ्यांनी खिडकीकडे जावे, निघणाऱ्यांनी दाराकडे, आणि ज्यांचे ठरले नाही त्यांनी मध्येच उभे राहावे. मधल्या मुलांना कमी लेखू नये, कारण त्यांनाच पेच सर्वांत नीट समजलेला असू शकतो.

आता दोन्ही बाजूंच्या मुलांना कारणे विचारावीत. ‘माझी बहीण हाय, मी न्हाई सोडून जाणार,’ असे खिडकीकडून येते आणि दाराकडून ‘आधी रान भिजवू या, मग परत येऊ या’ असे उत्तर मिळते. एखादा मुलगा ‘एनडीआरएफची बोट बोलवा’ म्हणतो. हसून सोडून देण्यासारखे हे उत्तर नाही. पुराच्या गावातल्या मुलाने बोट ऐकलेली, कदाचित पाहिलेली असते. कथाकाराने गंभीरपणे विचारावे, ‘बोट आली तर गुप्त नदी शोधायची कशी?’ आणि मग वर्ग त्या बोटीत बसतो. बहुमताने वाट ठरली, तरी कमी मुलांनी मांडलेले एखादे कारण गोष्टीत पुढे परत आणावे. निघायचे ठरले असेल, तर नदीने मागे खूण ठेवून जावे, कारण खिडकीजवळच्या मुलींनी ते सुचवले होते. आपले म्हणणे हरले तरी वाया गेले नाही, हे त्या मुलींना अशा वेळी दिसते.

ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी प्रसंग मध्येच थांबवून प्रेक्षकाला पात्राच्या जागी आणण्याची पद्धत विकसित केली. ती इथे मोठ्या उपयोगाची आहे. भोगावती आणि कासारी भांडत असताना दिमडीच्या दोन थापा द्याव्यात आणि ‘भोगावतीनं आता काय बोलावं?’ असे विचारून, ज्याला सुचेल त्याच्या खांद्यावर ओढणी द्यावी. मूल पुढे आले, की कलाकाराने त्याच्यापेक्षा हळू आवाजात आणि कमी हालचालीत अभिनय करावा. मुलांच्या बोलीला हात लावू नये. कोल्हापूरकडची मुलगी ‘मी जातो’ म्हणाली तर ते तिचे हक्काचे बोलणे आहे. तिथे शुद्ध भाषेची दुरुस्ती केली, तर पुढे ती बोलणार नाही.

पुराचा विषय

पंचगंगेची गोष्ट सांगताना पूर टाळता येत नाही, आणि जपून हाताळल्याशिवाय तो आणताही येत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरांत चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातल्या अनेक कुटुंबांनी घर सोडले. आजच्या तिसरी-चौथीच्या मुलांना ते स्वतः आठवत नसेल, पण घरी ते बोलले जाते, आणि दर पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ऐकली जाते. 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे नदीकाठच्या मुलांना सांगावे लागत नाही.

म्हणून गोष्टीत पाणी शेतापर्यंतच न्यावे, घरात शिरू देऊ नये. पाणी वाढत असल्याचे दाखवण्यासाठी किंकाळ्या आणि धावपळ न वापरता फक्त आकडे मोजावेत, आणि ते धोक्याच्या पातळीच्या आत थांबवावेत. भेटीआधीच वर्गशिक्षकांना विचारून घ्यावे की पुरात ज्यांचे मोठे नुकसान झाले आहे, अशा घरातली मुले वर्गात आहेत का. एखादे मूल ‘आमचं घर पडलं होतं’ असे म्हणाले, तर थांबावे, ऐकावे, सांगितल्याबद्दल त्याचे आभार मानावेत, आणि सगळ्यांसमोर पुढचे प्रश्न विचारू नयेत. ते मूल गप्प झाले तर तिसऱ्या सहकाऱ्याने त्याच्याजवळ जाऊन बसावे. भेट संपल्यावर वर्गशिक्षकांना हे आवर्जून सांगावे, कारण आपण निघून जातो आणि त्या मुलासोबत रोज शिक्षकच असतात.

शिक्षकांचे काम

शिक्षकांना आधी अर्धा तास भेटावे. मुलांनी छान उत्तरे द्यावीत ही त्यांची इच्छा स्वाभाविक असते आणि त्यामुळे ते मागून उत्तर पुरवतात किंवा हुशार मुलांना पुढे करतात. त्यांना दाराशी उभे करू नये. मुलांमध्ये बसायची विनंती करावी आणि एक निश्चित काम द्यावे. एरवी न बोलणारे कोण बोलले आणि काय बोलले, एवढेच त्यांनी टिपून ठेवावे. या नोंदी गटापेक्षा शिक्षकांनाच पुढे अधिक उपयोगी पडतात. परिसर अभ्यासात नद्यांचा भाग शिकवताना त्यांना याच चार आवाजांपासून सुरुवात करता येते.

तालीम

तालमीत गटातल्या एकाने आलटून पालटून मूल व्हावे: कधी उत्तरच न देणारे, कधी विषयाबाहेरचे बोलणारे, कधी ‘हे खोटं आहे, नद्या बोलत न्हाईत’ म्हणून उठणारे. शेवटच्या मुलाला काय सांगायचे ते ठरवून ठेवावे. ‘खरंय. मग बोलल्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या?’ एवढे पुरते. त्यानंतर गल्लीतल्या पाचसहा मुलांसमोर एकदा करून पाहावे आणि कोणत्या प्रश्नावर त्यांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हटले, ते प्रश्न काढून टाकावेत.

भेटीनंतर

शेवटी बोध विचारू नये. ‘या गोष्टीतून काय शिकलात?’ या प्रश्नाने इतका वेळ मोकळी झालेली मुले पुन्हा परीक्षेच्या बाकावर जाऊन बसतात. त्याऐवजी सरस्वती कुठे असेल, असा एकच प्रश्न मागे ठेवावा आणि वर्गात एक खोके ठेवून तिला पत्रे लिहायला सांगावे. पहिली-दुसरीच्या मुलांनी चित्र काढले तरी चालेल. छापील कार्यपत्रिका देऊ नयेत.

पत्रे आली की उत्तर देणे बंधनकारक मानावे. पंधरा दिवसांच्या आत, हाताने लिहिलेले, वर्गाच्या नावे एकच पत्र पाठवावे. प्रत्येक मुलाच्या पत्रातली किमान एक गोष्ट त्यात यावी, मग ती अर्ध्या ओळीची का असेना. म्हणून पत्रे हाती आली की आधी त्यांची यादी करावी, चित्रांसकट, आणि उत्तर लिहून झाल्यावर ती यादी पुन्हा तपासून मगच पाकीट बंद करावे.